खडूची खूण

हात मिस्त्रींचे आणि कान मिस्त्रीणबाईंचे, असं त्या गॅरेजचं होऊन गेलं होतं. कोणी बसून ठरवलं नव्हतं. मिस्त्रींची तरुणपणची दहा वर्षं बसगाड्यांचे पत्रे ठोकण्यात गेली, आणि ती वर्षं जाताना त्यांच्या कानातलं बरंच काही बरोबर घेऊन गेली. माणसाचं बोलणं, इंजिनाची घरघर, असले जाड आवाज त्यांना नीट ऐकू येत. पण बारीक, धारदार आवाज म्हटला की कान बंद. आणि स्वतःचं गॅरेज टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईक काय घेऊन आलं, तर ब्रेकची किंकाळी.

लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. डबा द्यायला आलेल्या बायकोला ते म्हणाले, "चल, एक फेरी मारून येऊ." तिला वाटलं, हवा खायला. केसांवरून हात फिरवून, ऐटीत ती शेजारच्या सीटवर बसली. कोपऱ्यावर ब्रेक लागला तशी दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडली, "अहो, हे माझ्या बाजूचं पुढचं चाक किती बोंबलतंय!" मिस्त्रींनी गाडी थांबवली, खिशातून खडू काढला आणि तिच्या हातात दिला. "त्या चाकावर फुली मार." झालं. नव्या संसारातला पहिला फेरफटका तो, आणि तसा शेवटचाही. त्यानंतरच्या एक्केचाळीस वर्षांत दोघांनी हजारो फेऱ्या मारल्या, पण सगळ्या दुसऱ्यांच्या गाड्यांतून, ब्रेक दाबत दाबत. ती ऐकायची, खाली उतरून चाकावर फुली मारायची, मग ते चाक खोलायचे.

त्या काळी गिऱ्हाइकं आवाज करून दाखवत. 'कुंई' की 'किर्रर' की 'चूं चूं' हे मिस्त्रीणबाई आधी विचारून घेत. एका भारदस्त मुख्याध्यापकांनी भर गॅरेजात मांजर चेंगरल्यासारखा आवाज काढला होता आणि मग तेच इतके लाजले, की गाडी न्यायला त्यांनी भावाला पाठवलं. ती गोष्ट मिस्त्री प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे आणि शेवटी बायकोकडे बोट दाखवून म्हणायचे, "मी नुसता हमाल. अक्कल त्या सीटवर बसलीय."

ती सीट म्हणजे भंगारात गेलेल्या एका गाडीची पुढची सीट, लोखंडी चौकटीवर बसवलेली. गॅरेजच्या दाराशी, उजेडात. घर मागेच होतं, मधे फक्त एक नळ आणि चार पावलांची फरशी. भाजी निवडणं, मुलाचा अभ्यास घेणं, फोन घेणं, सगळं मिस्त्रीणबाईंनी त्या सीटवर बसून केलं. बसल्या बसल्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा ब्रेक वाजला की त्या मान न वळवता म्हणत, "मागचं, ड्रायव्हरच्या बाजूचं." आणि आठ-पंधरा दिवसांत ती गाडी दारात हजर.

मिस्त्री गेले त्याला नऊ महिने झाले होते. सहा आठवडे अंथरुणावर होते, मग गेले. भेटायला येणारे म्हणत, "रडून घ्या, मोकळं वाटेल." मिस्त्रीणबाई मान हलवत आणि चहात साखर किती ते विचारत. रडायला त्यांची ना नव्हती, येत नव्हतं. दाढ काढताना डॉक्टर सुई टोचतात आणि गाल आपला असून आपला राहत नाही, बोट लावलं तर दुसऱ्याच्या गालाला लागल्यासारखं वाटतं, तसं त्यांचं सगळ्या अंगाचं झालं होतं. ती सुई उतरली की दुखेल, हे त्यांना ठाऊक होतं. त्या वाट बघत होत्या. उतरत नव्हती. अंघोळीचं पाणी कढत आहे की कोमट, हे हात लाल झाल्यावर कळायचं.

मिस्त्रींच्या वस्तू त्यांनी अशाच कोरड्या हातांनी आवरल्या. पान्यांच्या खणात तळाशी कुरपावर लावायच्या पट्ट्यांची सात पाकिटं निघाली, एकही न फोडलेलं. शेवटची काही वर्षं मिस्त्रींच्या तळपायाला कुरूप झालं होतं, चप्पल खुपते म्हणून ते ट्रायल मारताना चप्पल काढून बसत. 'अनवाणी काय गाडी चालवता, लोक हसतात,' म्हणून मिस्त्रीणबाईच ह्या पट्ट्या आणून द्यायच्या. 'मी लावतो, तू नको वाकूस,' असं म्हणून ते पाकीट घ्यायचे. लावल्या कुठे? आळशी माणूस. त्यांनी पाकिटं औषधांच्या डब्यात टाकली आणि खण पुसून घेतला.

गॅरेजमध्ये मात्र त्या नऊ महिन्यांत गेल्या नाहीत. चार पावलांची फरशी ओलांडायची म्हटलं तरी पाय उचलत नव्हता. मुलगा एकटा बघायचा. चांगलं बघायचा, हाताला वळण बापाचंच होतं. दिवसभर वंगणात बरबटून यायचा, जेवायचा आणि आईकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. एक दिवस जेवताना त्यानं घसा खाकरला.

"आई, टायर काढायचं मशीन घ्यावं म्हणतोय. पण जागा कुठंय? दाराशी ठेवावं लागेल."

"बरं."

"दाराशी म्हणजे... ती सीट आहे ना तुझी."

"काढ की."

"नाही, म्हणजे तू येणार असशील तर..."

"काढ म्हटलं ना. आमटी घे अजून."

त्यानं आमटी घेतली, पण सीट काही काढली नाही. मिस्त्रीणबाईंना रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची पाठ दिसायची. काढली तर काय वाटेल, असं त्या स्वतःला विचारून बघत. उत्तर येत नसे. फक्त एक हिशेब डोक्यात स्वच्छ होता: त्या सीटवर त्या बसल्या होत्या ते कानांच्या जोरावर. मिस्त्रींची बायको म्हणून नाही. उद्या कान चालत असतील, तर पुन्हा तिथं जाऊन बसता येईल. नसतील चालत, तर मशीनच बरं.

एका सकाळी मुलगा मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. पायातले बूट न काढता, म्हणजे घाईत.

"आई, सिस्टर आल्यात."

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं बघणाऱ्या. मिस्त्रींचे शेवटचे सहा आठवडे त्यांनीच काढले होते. त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं. जाडजूड, मोठ्यानं बोलणाऱ्या बाई. एक जुनी लहान गाडी त्या स्वतःच चालवत.

"काय म्हणतायत?"

"गाडीचा ब्रेक वाजतो. तिसऱ्यांदा आल्यात. दोनदा पुढचे पॅड बदलले मी. दोन दिवस गप्प बसतो, तिसऱ्या दिवशी परत तेच." तो नखातलं काळं काढत राहिला. "आई, एकदा बसशील? फक्त एक फेरी."

मिस्त्रीणबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. नऊ महिन्यांत कोणी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. सगळे आणून देत होते.

"चल," त्या म्हणाल्या.

गॅरेजमध्ये वास तोच होता. सिस्टरनी त्यांना पाहिलं आणि हात पसरून पुढं आल्या. "वहिनी! आता माझं नशीब उघडलं. अहो, काय सांगू तुम्हाला. माझा एक पेशंट आहे, नव्वदीचा म्हातारा. माझी गाडी त्याच्या दारात थांबली की उशी डोक्यावर घेतो. काल म्हणतो, 'सिस्टर, तुमचा ब्रेक वाजला की वाटतं यमच आला. आणि तोही गाडीला तेल न घालता.' आता ज्याला मरणाची भीती वाटू नये म्हणून मी जाते, त्यालाच मी घाबरवणार?"

"कोपऱ्यावर लावून चालत जा की," मुलगा म्हणाला.

"तू ये माझी बॅग उचलायला! गुडघे बघ माझे."

मिस्त्रीणबाई शेजारच्या सीटवर बसल्या. मुलगा चालवायला, सिस्टर मागे, मांडीवर बॅग. शाळेच्या भिंतीवरून, पाण्याच्या टाकीपर्यंत आणि टाकीच्या उतारावरून परत. फेरीचा रस्ता एक्केचाळीस वर्षं तोच होता. मिस्त्रीणबाईंनी सवयीनं डोळे मिटले. मुलानं ब्रेक हलकेच दाबला.

इंजिन ऐकू आलं. टायरखालची खडी ऐकू आली. सिस्टरची बॅग घसरली, तिच्यातल्या बाटल्या वाजल्या.

"परत," त्या म्हणाल्या.

त्यानं परत दाबला. त्यांनी डोळे उघडले. फुटपाथवर झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं होतं. समोरून येणाऱ्या माणसानं दात आंबल्यासारखं तोंड केलं. मागे सिस्टर म्हणाल्या, "ऐकलंत? जीव जातो अगदी!"

मिस्त्रीणबाईंना काही ऐकू आलं नव्हतं.

"परत."

टाकीच्या उतारावर त्यानं चार वेळा ब्रेक दाबला. चारही वेळा जगाला ऐकू आलं. मिस्त्रीणबाई काचेतून बघत बसल्या. भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. घरात कोणी नाही हे माहीत असताना दार वाजवत राहावं, तसं फक्त झालं.

"कळलं?" मुलानं विचारलं.

"हं."

हे 'हं' त्यांच्या तोंडून कसं गेलं, त्यांनाच कळलं नाही. गॅरेजमध्ये येऊन उतरल्या, मुलानं खडू पुढं केला, आणि हात आपोआप शेजारच्या बाजूच्या पुढच्या चाकाकडे गेला. आयुष्यातली पहिली फुली त्याच चाकावर मारली होती. आताही तिथंच मारली. पांढरी, ठळक, अगदी खात्रीच्या माणसानं मारावी तशी.

"वा वहिनी!" सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्रीणबाई हात धुवायला नळाशी गेल्या. नळाच्या वर मिस्त्रींनी कुठल्याशा गाडीचा बाजूचा आरसा भिंतीत ठोकून बसवला होता. साबण चोळताना त्यांनी मान वर केली. आरशात मागचं गॅरेज दिसत होतं, लहान आणि लांब. मुलगा चाकाशी उकिडवा बसला होता. त्यानं एकदा नळाकडे बघितलं, खांद्यावरचं फडकं घेतलं, फुली पुसली आणि पलीकडे जाऊन ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकावर दुसरी मारली. ना घाई, ना चोरटेपणा. बाहीवरची धूळ झटकावी इतक्या सवयीनं.

त्या सवयीनंच त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात असा चालत नाही.

सिस्टर दाराशी फोनवर कोणाला तरी गोळ्या किती द्यायच्या ते बजावत होत्या. मिस्त्रीणबाई ओल्या हातांनीच मुलापाशी गेल्या.

"फुली हलली कशी रे?"

"कुठली?" त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, चहा टाकू का?"

"चहा पळून जात नाही. फुली."

तो उठला. फडकं या हातातून त्या हातात घेतलं. "बाबांनी सांगून ठेवलं होतं."

"काय?"

"म्हणाले होते, 'तिची खूण चुकली तर पुसायची. पण तिच्यासमोर नाही.'"

"कधीपासून?"

"पाच... साडेपाच वर्षं झाली असतील. दर वेळी नाही गं! कधी कधी तुझी बरोबर पण असायची."

"चाकं चार असतात बाळा. डोळे मिटून खडू फेकला तरी कधीतरी बरोबरच पडणार."

त्याला हसावं की नाही कळेना.

साडेपाच वर्षं. मिस्त्रीणबाईंनी मागं वळून बघितलं, तर सगळं जागेवरच होतं. मोबाइलची बारीक पिपी ऐकू येईना म्हणून त्यांनी दोन मोबाइल दुरुस्तीला टाकले होते. दुकानदारानं दोन्ही 'ठीक आहेत' म्हणून परत दिले, तर त्यांनी दुकानदारालाच नाव ठेवलं होतं. आणि फेऱ्यांमध्ये? ऐकू येत नव्हतं असं त्यांना कधी वाटलंच नाही. ब्रेक दाबला की आवाज येणार हे ठाऊक असायचं, म्हणून यायचा. मिस्त्री विचारायचे, "पुढचं की मागचं?" त्या उत्तर द्यायच्या. मग ते म्हणायचे, "कान म्हणजे कान!" आणि गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मिस्त्रींनी शेवटपर्यंत मूठ झाकून धरली होती, आणि ती मूठ स्वतःची नव्हती.

राग यायला हवा, असं त्यांच्या मनात आलं. बधिर हिरडीवर जिभेनं दाबून बघावं तसं त्यांनी आत दाबून बघितलं. काही नाही. कुठंतरी लांब थोडंसं हललं असेल, नसेल.

"आणि त्यांना कसं कळायचं?" त्यांनी विचारलं. "त्यांना तर जन्मभर ब्रेक ऐकू आला नाही."

"तेच तर मला माहीत नाही. विचारलं की म्हणायचे, 'कळतं.' मी आपला कानानंच शोधतो, आणि हे काही सापडत नाहीये. ही फुलीसुद्धा..." त्यानं आपल्याच फुलीकडे बघितलं. "अंदाजानंच आहे. दोनदा हेच पुढचे पॅड बदलले."

"म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला."

"मग कुठं आहे, तूच सांग!" तो एकदम वैतागून म्हणाला, आणि लगेच खाली बघायला लागला.

सिस्टर फोन ठेवून आत आल्या होत्या. शेवटचं एवढं त्यांच्या कानावर पडलं. मिस्त्रीणबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर, मला ऐकूच आला नाही हो तुमचा ब्रेक. मघाशी उगीच फुली मारली."

मुलानं मान झटकन वर केली. सिस्टरनी मात्र, ताप किती आहे ते ऐकावं तसं ऐकलं. "अहो, होतं ते. वय झालं की बारीक आवाज आधी जातात, जाड मागे राहतात. माझ्या पेशंटांना सून ओरडलेली ऐकू येते, नातीची कुजबुज नाही. त्यात काय?"

"त्यात काही नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "हे असते तर त्यांना कळलं असतं. पायाला कुरूप, अनवाणी गाडी चालवायचे, आणि तरी बरोब्बर कळायचं."

"कुरूप?" सिस्टर म्हणाल्या. "कोणाला?"

"ह्यांना. तळपायाला. पाच-सहा वर्षं होतं."

"छे हो. सहा आठवडे मी रोज त्यांचे पाय पुसलेत, वहिनी. टाचांना भेगासुद्धा नव्हत्या. कुरूप कुठलं?"

 रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मिस्त्रीणबाईंना खणातली सात पाकिटं दिसली, आणि अनवाणी पाय दिसला. ब्रेकच्या पेडलवर नव्हे, तर त्याच्या शेजारी, गाडीच्या तळाच्या पत्र्यावर सपाट टेकलेला डावा पाय. पायाखालची रबरी चटईसुद्धा ते बाजूला सारायचे. 'कचरा असतो,' म्हणायचे. पत्र्यांनी माणसाचे कान नेले, आणि म्हातारपणी माणूस ब्रेकची थरथर ऐकायला पत्र्यालाच पाय लावून बसला.

"मेल्याला सांगता आलं नसतं का," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तशा म्हणाल्या.

मग त्यांनी सिस्टरना विचारलं, "उतारावर थांबता तेव्हा हँडब्रेक ओढता ना? तेव्हा पण वाजतं?"

सिस्टर विचार करू लागल्या. "वाजतं की! त्या म्हाताऱ्याचं घर उतारावरच आहे. ओढताना वाजतं. मला वाटलं, ब्रेक तो ब्रेकच."

मुलानं कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण गिऱ्हाइकाला कोणी विचारलंच नव्हतं. विचारणं हे आईचं काम होतं, आणि आई नऊ महिने स्वयंपाकघरात होती.

"चल," त्या म्हणाल्या. "मी मागे बसते."

मागच्या सीटवर बसून त्यांनी चपला काढल्या, चटई गुंडाळून बाजूला ठेवली आणि दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले, एक या बाजूला, एक त्या बाजूला. पत्रा गार असणार. त्यांना तो ना गार लागला ना गरम. पाय तर कितीतरी महिन्यांपासून त्यांचे नव्हतेच; आता ह्यांच्याकडून काय कळणार, असं त्यांना वाटलं. सिस्टर पुढं बसल्या.

टाकीच्या उतारावर मुलानं गाडी न्यूट्रलला टाकली. "पायाचा ब्रेक लावू नकोस," त्या म्हणाल्या. "हँडब्रेक, हळू, थोडा थोडा ओढ."

त्यानं ओढला. सिस्टरनी खांदे आवळले, म्हणजे वाजलं. तळव्यांना काही नाही.

"परत."

तिसऱ्या वेळी उजव्या टाचेखाली काहीतरी सरकलं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय जड होतो, आणि उठताना त्यात मुंग्या येतात, तशा मुंग्या. बारीक, घाईच्या. आपल्याच पायाला आल्या असतील, त्यांना वाटलं.

"सोड."

सोडल्यावर मुंग्या गेल्या.

"ओढ."

आल्या. उजव्या पायात, डाव्यात नाहीत.

"सोड. ओढ. सोड." मुलगा आरशातून मागे बघत होता. मिस्त्रीणबाईंनी डोळे मिटले नव्हते. एकटक आपल्या पायांकडे बघत त्या बसल्या होत्या, जणू कोणा ओळखीच्या माणसाचे पाय आहेत आणि त्याचं नाव आठवत नाही. "ओढून धर थोडा वेळ," त्या म्हणाल्या. त्यानं धरला. चाक सापडलं होतं, तरी त्या अजून थोडा वेळ धरायला सांगत राहिल्या, शेवटी सिस्टर म्हणाल्या, "वहिनी, ते कुत्रं आता चावायला येईल."

गॅरेजमध्ये परत आल्यावर मुलानं खडू पुढं केला नाही, नुसता हातात धरून उभा राहिला. मिस्त्रीणबाईंनी तो घेतला आणि मागच्या उजव्या चाकावर फुली मारली.

"दोन्ही मागची खोलावीच लागतील," मुलगा म्हणाला. "एकाचं केलं की दुसऱ्याचं करायचंच."

"ते मला सांगतोस? पण खूण एकावरच असते."

त्यानं जॅक लावला, चाक काढलं. आतला ड्रम गंजानं धरून बसला होता. लाकडी हातोड्यानं चारही बाजूंनी ठोकून ठोकून तो सुटला. आत काळी भुकटी साचलेली. त्यानं फुंकर मारायला तोंड पुढं नेलं.

"फुंकू नकोस. छातीत जाते. ओलं फडकं."

त्यानं ओलं फडकं घेतलं. भुकटी निघाल्यावर सगळं स्पष्ट दिसलं. ब्रेकचे दोन्ही अर्धगोल लायनर जाडीला चांगले होते, पण वरून काचेसारखे चकचकीत झालेले. आणि मागच्या पत्र्यावर ज्या सहा उंचवट्यांवर ते सरकतात, ते उंचवटे कोरडे ठणठणीत. एकावर तर घासून घासून खाच पडली होती. कोरड्यावर कोरडं सरकत होतं आणि सगळी गाडी त्याचा आवाज मोठा करून गावाला ऐकवत होती.

"हे बघ," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात नऊ महिन्यांत पहिल्यांदा जीव आला होता. "आणि मी पुढं बदलत बसलोय!"

लायनरची चकाकी त्यानं पॉलिश पेपरनं उतरवली. सहाही उंचवटे तारेच्या ब्रशनं साफ केले, खाच कानशीनं सपाट केली आणि ग्रीसच्या डब्यात बोट घातलं.

"किती?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"नखावर मावेल एवढं. लायनरला लागलं तर ब्रेकच लागणार नाही. माहीत आहे गं."

"मग बरं."

त्या आपल्या सीटवर बसल्या होत्या. कधी बसल्या, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. सिस्टर उलट्या बादलीवर बसून चहा पीत होत्या आणि म्हाताऱ्याच्या गोष्टी सांगत होत्या. मिस्त्रीणबाई 'हो, हो' म्हणत होत्या. मधेच सिस्टर थांबल्या. "मिस्त्री तुमच्याबद्दलच बोलायचे हो शेवटी शेवटी. 'बायकोच्या कानावर माझं घर उभं आहे,' म्हणायचे."

"खोटं बोलायचे," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"खोटं नाही, वहिनी."

"नसेल." त्यांनी कपबशी खाली ठेवली. आता तरी येईल का, म्हणून त्या क्षणभर थांबल्या. डोळे कोरडेच राहिले. पण पायांत चपला घालायच्या राहून गेल्या होत्या, आणि फरशी गार होती. पुरती गार. ते त्यांना कळलं.

दोन्ही चाकं बसल्यावर पुन्हा फेरी. उतारावर मुलानं पायाचा ब्रेक दाबला, मग हँडब्रेक ओढला. मिस्त्रीणबाईंचं लक्ष पत्र्याकडे होतं आणि दोघांच्या चेहऱ्यांकडे. तळव्याखाली काही आलं नाही. सिस्टरचे खांदे जागेवर राहिले. कुत्रं झोपूनच होतं.

"गेला!" सिस्टर म्हणाल्या. "अहो, गेला! आता म्हातारा म्हणेल, यम रजेवर गेला."

सिस्टर निघाल्या. कोपऱ्यावर त्यांनी मुद्दाम ब्रेक दाबला, हात बाहेर काढून हलवला आणि वळल्या. मागच्या उजव्या चाकावरची फुली तशीच होती, गरगर फिरत गेली.

मुलगा हात पुसत दाराशी येऊन उभा राहिला.  मग म्हणाला, "आई, मशीनचं राहू दे. सीट असू दे तिथंच."

"मशीन आण. सीट काढ," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "तिथं बसून ऐकायचं होतं. आता काय ऐकणार? गाडीत बसायला लागेल मला, मागे." त्यांनी एका पायानं चप्पल शोधली, मग दुसऱ्यानं. "सकाळी लवकर बोलवत जा. दुपारी माझे पाय सुजतात."

"बरं."

त्या नळापर्यंत गेल्या आणि थांबल्या. आरशात तो लहान आणि लांब दिसत होता, खांद्यावर फडकं, अगदी बापासारखा एका पायावर भार टाकून उभा.

"आणि हे बघ," त्या आरशातूनच म्हणाल्या, "पुसायची झाली तर माझ्यासमोर पूस."